अधिकची गाठ

त्याचं खरं नाव सांगायचं म्हटलं तर त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागायचं. सगळी गल्ली त्याला दणका म्हणायची. गाड्यांमध्ये साउंड बसवून द्यायचं त्याचं दुकान. बेसचा डबा नीट बसला की समोरच्या चष्मेवाल्याच्या कपाटातले चष्मे थरथरायचे, त्यावरून पडलेलं हे नाव. चष्मेवाला रोज तक्रार करायचा आणि रोज चहा प्यायला त्याच्याकडेच यायचा. माणसाला तक्रार करायलाही हक्काची जागा लागते, दुसरं काय.

त्या दिवशी अकराच्या सुमारास ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या एक बाई आल्या. गाडी शिकवणीची नव्हे, त्यांची स्वतःची.

"ऐका," बाई दार उघडायच्या आधीच खिडकीतून सुरू झाल्या. "दिवसभर माझ्या शेजारी बसून लोक क्लच सोडतात आणि किंचाळतात. संध्याकाळी मला माझ्या गाडीत एकटीने बसून गाणी ऐकायची असतात. दुसरीकडून साउंड बसवून महिना नाही झाला, तर आवाज वाढवला की सगळं बंद! आणि चालू असतं तेव्हाही, कसं सांगू, ठेका ऐकू येतो पण लागत नाही."

"लागत नाही म्हणजे?"

"म्हणजे जेवले, पण पोट भरलं नाही."

दणक्याला हे गिऱ्हाईक एकदम आवडलं. नाहीतर लोक येतात आणि "आवाज येत नाही" एवढंच सांगतात. डॉक्टरकडे जाऊन "बरं नाही" म्हणायचं आणि गप्प बसायचं, तसली तऱ्हा. बाईंनी दोन दुखणी वेगवेगळी सांगितली होती, आणि दोन्ही नीट सांगितली होती.

त्याने आधी बोनेट उघडून बॅटरीजवळचा फ्यूज पाहिला. शाबूत होता. मग डिकी उघडली. बेसचा डबा, त्याच्या शेजारी अ‍ॅम्प्लिफायर, आणि त्यावरचा दिवा हिरवा. बाईंना सीटवर बसवून त्याने मीटरच्या दोन्ही सुया अ‍ॅम्पला लावल्या आणि आवाज हळूहळू वाढवायला सांगितला. व्होल्टचा आकडा साडेबारावर होता. आवाज चढला तसा बारा झाला, अकरा झाला, ठेका जोरात पडला तशी दहाच्या खाली घसरगुंडी, आणि दिवा लाल. गाणं गप्प.

"बघा, मेला पुन्हा!" बाई आतून ओरडल्या.

"मेला नाही, रुसलाय," दणका म्हणाला. "बॅटरीतून करंट येतोय, पण परत जायची वाट अडलीय. ती वाट म्हणजे गाडीचा पत्रा. एक काळी तार पत्र्याला आवळायची असते. पण रंगातून करंट जात नाही, पत्रा खरवडावा लागतो. लोकांना दोन मिनिटांचा कंटाळा! दिला रंगावरच नट ठोकून आणि झाले मोकळे. असल्या कारागिरांना ना…"

दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणं हा या धंद्यातला निम्मा आनंद आहे. दणका तो मनापासून घेत होता. एका हाताने डिकीतला गालिचा उचलत तो पुढचं वाक्य जुळवत होता, आणि ते वाक्य तिथेच राहिलं.

पत्रा खरवडलेला होता. नाण्याएवढा गोल, आतून लख्ख, आणि गोलाच्या कडेने लाल नेलपॉलिशची बारीक रेघ.

उघड्या पत्र्याला गंज धरू नये म्हणून कडेला नेलपॉलिश लावायचं, ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही. अख्ख्या जगात ती एकाच बाईची. दणका तसाच वाकून राहिला. मग त्याने डब्याच्या मागे हात घातला, तार चाचपली, आणि बोटाला गाठ लागली.

"ताई," तो म्हणाला. म्हणजे म्हणाला असं त्याला वाटलं. तोंडातून आवाज निघाला नव्हता.

गाठीची गोष्ट सांगायला हवी. हे दुकान आधी त्याच्या बाबांचं, रेडिओ दुरुस्तीचं. तार यायची ती मोडीतल्या यंत्रांतली, सगळी काळी. प्लस कुठली आणि मायनस कुठली, कळायला मार्ग नाही. बाबा त्याला मास्तरांसारखं अधिक आणि उणे म्हणायचे. ताई तेव्हा बारा वर्षांची, हा सहाचा. ताईने एक दिवस ठरवून टाकलं, अधिकच्या तारेला टोकाशी एक गाठ मारायची. "गाठ दिसली की अधिक. नीट लक्षात ठेव. चुकलास तर गाठ माझ्याशी आहे!" असं म्हणून तिने धाकट्याचा कानही पिळून ठेवला होता, आगाऊ. पुढे लाल तार आली, पांढरी आली, दुकानात रेडिओ जाऊन गाड्यांचे साउंड आले, तरी ताई लाल तारेलाही गाठ मारायचीच. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत, म्हणायची.

आणि कान! काय कान होते त्या बाईचे. रेडिओ नुसता खरखरला की आतलं काय गेलं ते ती लांबून सांगायची. बाबा मीटर लावायचे ते ताई बरोबर आहे का बघायला नव्हे, मीटर बरोबर आहे का बघायला.

बेस लावायचं काम तर एकट्याचं नाहीच. एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात, तसंच. एकाने डिकीपाशी उभं राहून डब्याच्या दोन तारा अदलून-बदलून लावायच्या, दुसऱ्याने चालवणाऱ्याच्या सीटवर बसून ऐकायचं. तारा उलट लागल्या तरी आवाज येतो, अडचण तीच तर आहे. पण दारांतले स्पीकर पुढे ढकलतात तेव्हा डबा मागे ओढतो. दोघांनी खाट उचलावी आणि एकाने ठेवायला घ्यावी, तसा प्रकार. ठेका सीटपर्यंत येतो तो नुसता पोकळ. ताई डोळे मिटून सीटवर बसायची आणि दणका मागून तारा बदलायचा. त्या कामात तिचे शब्द दोनच. "पोकळ." तारा बदल. "भरलं." झालं काम, लावा झाकण. अशा किती गाड्या त्या दोघांनी केल्या असतील, मोजदाद नाही.

आता दणका हे एकट्याने करायचा. तारा लावून धावत सीटवर, ऐकून धावत डिकीपाशी, पुन्हा सीटवर. चष्मेवाला समोरून फेऱ्या मोजायचा आणि म्हणायचा, "वजन उतरेल तुझं या धंद्यात."

अकरा वर्षं झाली होती ताईला दुकान सोडून. बाबांची तब्येत ढासळायला लागली तसं त्यांनी एक दिवस सगळ्यांना बसवलं, कागद काढला आणि दुकान मुलाच्या नावावर केलं. "तिचं लग्न झालंय, तिला घर आहे," एवढंच म्हणाले. ताई लग्नानंतरही रोज सकाळी येऊन दुकान उघडत होती. लोक यायचे तिच्या कानांसाठी. धाकटा तेव्हा पस्तिशीचा बाप्या, काही कुक्कुलं बाळ नव्हे. त्याला सगळं कळत होतं. ताईने बाबांकडे पाहिलंच नाही, तिने त्याच्याकडे पाहिलं. आणि हा पठ्ठ्या पेनाचं टोपण शोधत बसला. टोपण त्याच्या दुसऱ्या हातातच होतं. मूग गिळून बसणं म्हणतात ते हेच.

ताई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी आली नाही, आणि मग आलीच नाही. तीन वर्षांनी बाबा गेले तेव्हा ती घरी आली होती. "औषधं कोण आणत होतं?" असं तिने त्याला विचारलं, तो "मीच" म्हणाला, आणि त्यालाही आठ वर्षं झाली. फोन नंबर होता त्याच्याकडे. नंबर असून काय उपयोग, तोंड नव्हतं. सांगायचं वाक्य त्याने पाठ केलं होतं. दुकानात कुणी नसलं की तो ते उघड्या बोनेटला सांगायचा. बायको म्हणायची, "बॅटऱ्यांची माफी मागून झाली असेल तर फोन लावा एकदा." लावायचा, आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापायचा.

"अहो, झोपलात का आत डोकं घालून?" बाईंनी सीटवरून विचारलं.

"नाही, नाही. सापडलं. नट सैल झालाय." त्याने नट आवळला, खाली एक दातेरी वायसर टाकला. वायसर टाकताना नेलपॉलिशच्या रेघेला धक्का लागू दिला नाही. बाईंनी आवाज चढवला. आकडा बारावर ठाम राहिला, दिवा हिरवा. पहिलं दुखणं गेलं.

"बंद पडत नाहीये," बाई म्हणाल्या. "पण पोट अजून रिकामंच."

दणक्याने डब्याच्या मागे टॉर्चचा उजेड टाकला. गाठ मारलेली तार उणेच्या खुंटीवर होती.

अं? त्याने डोळे चोळले. ताई चुकली? सूर्य उशिरा उगवेल, पण ताई अधिक-उणेत चुकायची नाही. आता कधी कधी मुद्दाम उलटं लावावं लागतं, हे खरं आहे. गाडीची ठेवणच अशी असते की उलटं लावल्यावरच सीटवर ठेका भरतो. पण ते ऐकून ठरवायचं असतं. त्याने गाठीची तार अधिकवर लावली आणि सवयीने सीटकडे धावायला निघाला, तेवढ्यात आतून बाईंची आरोळी आली.

"अगं बाई गं! हे काय केलंत? पाठीत बसला की हो ठेका!"

समोर चष्मे थरथरले. चष्मेवाला कप घेऊन दारात आला.

दणक्याला मात्र आनंद होईना. तो डिकीच्या काठावर बसला. त्याला दिसत होतं ते वेगळंच. डिकी उघडी ठेवून मागे उभं राहिलं तर उलटा लावलेला डबाही कानाला भरल्यासारखाच वाटतो. म्हणजे ताई मागे उभी होती आणि सीटवर कुणीच नव्हतं. ताई एकटी काम करते. त्या दोन शब्दांसाठी एक माणूस लागतो, तेवढाही तिच्याकडे नाही. आणि आपण इथे, तिच्या दुकानात, तिच्या स्टुलावर बसून लोकांच्या कामाला नावं ठेवतोय. त्याला ताईची फार आठवण आली. आठवण रोजच यायची, पण आज तिचं काम हातात होतं.

बाई उतरून मागे आल्या. "काय हो, गाडी बरी झाली आणि तुमचा चेहरा का पडला?"

"ज्यांनी हे बसवलं, त्यांच्या घरी कोण कोण असतं?"

"मी साउंड बसवायला गेले होते, स्थळ बघायला नाही," बाई म्हणाल्या. मग त्याचा चेहरा पाहून जरा नरमल्या. "त्या घरामागच्या शेडमध्ये करतात काम. काम चोख, बोलणं कमी. थांबा, त्यांना सांगितलं पाहिजे, दुसऱ्याने हात लावला म्हणून. नाहीतर उद्या म्हणतील, आम्हाला का नाही विचारलं."

दणका "नको" म्हणणार होता. बाई गिअर टाकून मोकळ्या झाल्या होत्या. त्यांनी फोन लावला आणि आधीच चढा असलेला आवाज आणखी चढवला.

"हॅलो! मी! गाडीवाली! हो! बंद पडत होतं ना, तो नट सैल झाला होता! … हो! इथे जवळच एका दुकानात आलेय! … दणका म्हणतात त्यांना! द-ण-का!"

पलीकडे एकदम शांत झालं. बाईंनी फोन कानापासून काढून बघितला, कापला तर नाही ना. मग फोनमधून एक वाक्य आलं.

"त्याला द्या."

बाईंनी स्पीकर चालू करून फोन त्याच्या हातात ठेवला. आठ वर्षांनी आवाज ऐकला त्याने ताईचा. पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. आणि बोलला काय, तर, "नट सैल झाला होता."

"मी घट्ट आवळला होता."

"खड्डे फार आहेत ना हल्ली."

"हं."

"आणि तारा उलट होत्या. गाठ उणेवर होती."

त्याने रिकाम्या सीटकडे पाहिलं.

"ताई, सीटवर कुणी नव्हतं ना?"

"काय?"

"सीटवर! बसायला कुणी नव्हतं?"

"नव्हतं कसं? तुझे भाऊजी होते की. छान आहे म्हणाले. त्यांना काय, कुकरची शिट्टीसुद्धा छानच वाटते."

दणक्याचा जीव भांड्यात पडला. तो हसला, बाई हसल्या. ताई एकटी नव्हती. भाऊजी होते, बसत होते सीटवर, नेहमीसारखे निरुपयोगी.

"त्यांना कशाला बसवलंस? तू बसायचंस."

"बसले होते." ताईचा आवाज सपाट होता. "दोन्ही बाजूंनी लावून ऐकलं. मला फरकच कळेना. मग ते छान म्हणाले, तर राहू दिलं तसंच."

दणका हसायचा थांबला.

"कान गेले रे माझे," ताई म्हणाली. "तीन वर्षं झाली. मशीन लावते. मशिनीतून माणसांचं बोलणं येतं थोडंफार. ठेका येत नाही. हाताने धरून बघते डबा, हलतोय ना, तेवढ्यावर करते काम. त्या बाईंना सांगू नकोस, बिचाऱ्या विश्वासाने आल्या होत्या."

फोन स्पीकरवर होता. बाईंनी तोंड फिरवलं आणि आपल्याच गाडीचा बाजूचा आरसा पदराच्या टोकाने पुसायला घेतला. आरसा स्वच्छ होता.

बाबांचा मीटर चुकायचा, ते कान चुकायचे नाहीत. दणक्याला वाटायचं, ताई कुठेतरी आहे, रागावलेली आहे, पण जशीच्या तशी आहे. आपण वाक्य पाठ करत बसलो तेवढ्यात ते कान गेले. वरातीमागून घोडं. आणखी थोडा उशीर केला असता तर तिला आपला आवाजही आला नसता.

"ताई," तो म्हणाला. गल्लीला ऐकू जाऊ नये म्हणून हळूच. "त्या दिवशी मी गप्प बसलो. मी बोलायला हवं होतं. दुकान तुझं होतं."

"काय?"

"दुकान… तुझं होतं, म्हणतोय."

"ऐकू येत नाहीये. मोठ्याने बोल. पुटपुटायची सवय गेली नाही तुझी अजून."

त्याने मान वर केली. चष्मेवाला कप हातात धरून दारात उभा होता. शेजारच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री वरच्या वर धरली होती. बाई आरसा पुसत होत्या. "काही नाही, नंतर बोलतो," असं म्हणून फोन परत करता आला असता. जन्मभर त्याने "काही नाही" म्हणूनच वेळ मारून नेली होती. त्या दिवशी कागदावर सही झाल्यावर बाबांनी विचारलं होतं, "कुणाला काही बोलायचंय?" तेव्हाही तो हेच म्हणाला होता.

तो उठून उभा राहिला. फोन तोंडाजवळ धरला आणि छाती भरून ओरडला.

"दुकान तुझं होतं, ताई! बाबा चुकले! मला तेव्हाच माहीत होतं, आणि मी गप्प बसलो!"

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. फोनमधून नुसता श्वास येत होता. आपण फार जोरात ओरडलो का, मशिनीला झेपलं नसेल का, असं काहीबाही त्याच्या मनात आलं.

"पुन्हा म्हण," ताई म्हणाली.

तिला ऐकू आलं नव्हतं की पुन्हा ऐकायचं होतं, ते त्याने विचारलं नाही. सगळी गल्ली बघत होती. त्याने पुन्हा सांगितलं.